डाऊ, डॅक्स, फूट्सी एकाच मापाने?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पानावर खालच्या कोपऱ्यात परदेशी निर्देशांकांची चौकट असते. सहकारी बँकेत 33 वर्षं खातेवह्या जुळवल्या, त्यामुळे आकड्यांचा रकाना दिसला की माझं बोट आपोआप खाली सरकतं. या चौकटीत प्रत्येकापुढे फक्त ‘इतके अंक वर’ किंवा ‘इतके अंक खाली’ असतं. अमेरिकेचा डाऊ 40 हजारांवर असताना 400 अंकांनी घसरला तर तो जेमतेम एक टक्का. लंडनच्या फूट्सी 100चा आकडा त्यामानाने फारच लहान; तो तेवढेच अंक घसरला तर मात्र तिकडे हाहाकार उडेल.

बरं, टक्के छापले तरी माप एक नाही. रोज दिसणारा जर्मनीचा डॅक्स हा कंपन्यांचा लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून मोजतात. फूट्सी निव्वळ भावांवर चालतो. दहा-वीस वर्षांची तुलना केली की लंडन फारच मागे दिसतं, ते काही अंशी यामुळेच. जपानच्या निक्केईची तर तऱ्हाच न्यारी. तिथे कंपनीचं निर्देशांकातलं वजन तिच्या आकारावर नाही, शेअरच्या भावावर ठरतं, म्हणून टोयोटापेक्षा युनिक्लोचे कपडे विकणारी फास्ट रिटेलिंग भारी!

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. 2022च्या सुरुवातीला एका म्युच्युअल फंड वितरकाने अमेरिकी फंडाचा स्वतः तयार केलेला तक्ता दाखवला. फंड डाऊच्या कितीतरी पुढे. सौभाग्यवतींची मुदत ठेव मोडून मी पैसे घातले आणि तक्ता नीट वाचला तो नंतर. फंडाची चार वर्षांची वाढ रुपयांत, लाभांश धरून. डाऊची डॉलरमध्ये, लाभांशाविना. त्या चार वर्षांत डॉलर 64 रुपयांच्या आसपासहून 74वर गेला होता. म्हणजे सोळा-एक टक्के नुसत्या रुपयाच्या घसरणीचे, आणि ते फंड व्यवस्थापकाचं कर्तृत्व म्हणून माझ्यापुढे आले! म्युच्युअल फंडांनी लाभांशासहित निर्देशांकाशीच तुलना करावी, हा सेबीचा, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियम 1 फेब्रुवारी 2018पासून आहे. पण घरी येऊन चहा पिणाऱ्याच्या कागदावर कोण लक्ष ठेवणार?

तेव्हा एवढंच करा. टक्क्यांचा रकाना घाला आणि डॅक्सपुढे एक फुली मारून खाली ‘लाभांशासहित’ असं छापा. जागा पुरत नसेल तर अंकांचा रकाना काढून टाका.

आपला एक जुना वाचक,
सांगली