लियांग साहेबांचे बुधवार आणि शुक्रवार

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत चीनमधले उद्योजक जेम्स लियांग (मूळ नाव लियांग च्येनचांग) यांच्यावरचा लेख वाचला. सगळा भर त्यांच्या एकाच सूचनेवर आहे: जन्मदर वाढावा म्हणून जन्मणाऱ्या प्रत्येक मुलामागे दहा लाख युआन द्या. आपल्याकडचे सव्वा कोटीच्या आसपास! 2021 मध्ये ते तसं म्हणाले होते हे खरंच. पण या गृहस्थांकडून घेण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती लेखात आलीच नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यात मी बत्तीस वर्षं उपकेंद्रावर नर्सबाई होते. लसीकरण, बाळंतपणं हे सगळं केलंच, पण मार्च जवळ आला की आमची किंमत एकाच आकड्यावर ठरायची. ‘बाई, केसेस किती झाल्या?’ केस म्हणजे नसबंदीला तयार झालेली बाई. पुरुष फार क्वचित. धाकटी तापाने फणफणलेली असताना तिला शेजारणीकडे ठेवून मी कॅम्पला गेले आहे, कारण तीन केसेस कमी पडत होत्या. 1996 मध्ये दिल्लीने टार्गेटची पद्धत बंद केली. बैठकीतला प्रश्न बंद व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली.

म्हणून लियांग यांचं मला कौतुक आहे. 1999 मध्ये शांघायला तिघा भागीदारांबरोबर त्यांनी सीट्रिप ही प्रवासाची बुकिंग करणारी कंपनी काढली, 2003 मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक या शेअर बाजारात गेली. पुढे कंपनीचं रोजचं काम दुसऱ्यांवर सोपवून हा माणूस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला गेला, आणि परत येऊन 2012 मध्ये ली च्येनशिन यांच्यासह पुस्तक लिहिलं. त्याचं नाव साधारण असं: ‘चीनमध्ये माणसं फार झाली आहेत का?’ तेव्हा एकच मूल हा कायदा होता, दुसऱ्यासाठी दंड होता. अशा वेळी हा प्रश्न छापून विचारायचा म्हणजे छाती लागते. 2016 पासून दोन मुलांची परवानगी मिळाली, 2021 मध्ये तिसऱ्याचीही. पण 2016 मध्ये तिथे 1 कोटी 80 लाखांच्या घरात मुलं जन्मली आणि 2023 मध्ये 90 लाख. सात वर्षांत निम्मी. कुलूप काढलं, पण दार उघडून बाहेर यायला कोणी उरलंच नव्हतं.

आता त्यांचं म्हणणं, तरुण कमी झाले की नवे धंदे, नवे शोध कमी होतात. वरच्या खुर्च्या म्हाताऱ्यांनी अडवल्या की तरुणांना हाताखाली माणसं घेऊन काम शिकायलाच मिळत नाही. असेलही. पण देशाच्या शोधांसाठी मुलं जन्माला घाला असं कोणी म्हणालं की मला मार्चची बैठक आठवते. तेव्हा आकडा खाली न्यायचा होता, आता वर. बाई तीच.

लियांग यांचं खरं काम त्यांच्या कंपनीत झालं. 2010 च्या डिसेंबरात शांघायच्या कॉल सेंटरमधल्या 249 जणांवर त्यांनी स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांच्यासह प्रयोग सुरू केला. सम तारखेला जन्मलेल्यांनी आठवड्याचे चार दिवस घरून काम करायचं, विषम तारखेच्यांनी ऑफिसात. नऊ महिन्यांनी घरून करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी जास्त भरलं आणि नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. गंमत म्हणजे नंतर मुभा दिली तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले सुमारे निम्मे ऑफिसात परत गेले. एकटं वाटत होतं. हे लपवलं नाही, छापलं. मग 2021-22 मध्ये 1612 जणांवर दुसरा प्रयोग: फक्त बुधवार आणि शुक्रवार घरून. कामात काही फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले. त्यातही जास्त फायदा बायकांना आणि लांबून येणाऱ्यांना. साहेब लोकांना आधी वाटत होतं की कामाचं नुकसान होईल. प्रयोगानंतर त्यांनीच मत बदललं.

पैसाही त्यांनी देऊन पाहिला आहे. 2023 च्या जुलैपासून त्यांची कंपनी तीन वर्षं नोकरी झालेल्यांना दर मुलामागे पाच वर्षं वर्षाला 10,000 युआन देते. चांगलंच आहे. पण 2017 मध्ये याच कंपनीच्या शांघायमधल्या पाळणाघरात चिमुरड्यांना त्रास दिल्याचे व्हिडिओ बाहेर आले होते. आईला पैसे द्या की पाळणाघर द्या, मूल डोळ्यांसमोर असल्याचा जो धीर आहे तो त्यातून येत नाही. या प्रयोगांत मुलं किती झाली हे मोजलेलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण ज्या बाईला नोकरी टिकवता येते तिलाच दुसऱ्या मुलाचा विचार सुचतो, हे मी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून ऐकलेलं आहे.

आणि हे चीनचं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर 1.7 आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. तरी तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, ही अट आपल्याकडे आहेच.

सध्या मी मुलाकडे हडपसरला असते. सून हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. नातू दोन वर्षांचा. कालपरवापर्यंत तिला आठवड्यातून दोन दिवस घरून काम असायचं. गेल्या महिन्यापासून पाचही दिवस ऑफिसात बोलावलं आहे. सकाळी सातला निघते, रात्री साडेआठला येते, पोरगा झोपलेला असतो. राजीनाम्याची मेल लिहून ठेवली आहे, पाठवलेली नाही. त्या लेखाचं कात्रण मी तिला दाखवलं तर म्हणाली, ‘आई, सव्वा कोटी नकोत, माझे बुधवार-शुक्रवार द्या.’

तिची जन्मतारीख चौदा. शांघायच्या त्या पहिल्या प्रयोगात ती घरी बसणाऱ्यांत असती.

– एक निवृत्त आरोग्य सेविका, हडपसर, पुणे