फाईनचा टंच

हुपरी, सोमवार रात्र

चि. स्नेहलस अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोनवर मी आवाज चढवला. तसं करायला नको होतं. आईही दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. पण तुझ्या रूममेटच्या तोंडून निघून गेलं की तू दोन रात्री दवाखान्यात होतीस, न्यूमोनिया होता. आणि त्याच दोन दिवसांतले तुझे मेसेज मी काढून बघितले. दोन्हीत एकच वाक्य, "आय एम फाईन पप्पा."

आजारपणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. वहीचं सांगतो.

चौथीत होतीस. व्यापारी किलोभर चांदीचे पैंजण उचलायचे, टंच 60, म्हणजे शंभरात साठ भाग शुद्ध चांदी. मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत तू सांगायचीस, "सहाशे ग्रॅम फाईन." बाकीचं तांबं-पितळ. पैंजण वजनाला भारी, पॉलिश करून पांढरंशुभ्र, पण देणं-घेणं व्हायचं ते फाईनवर. तुझ्या अक्षरातली ती वही अजून कपाटात आहे. फाईनच्या रकान्याखाली तू लाल पेनाने दोन रेघा मारायचीस. इंग्रजी शाळेत शिकायच्या आधी हा शब्द तू घरात शिकलीस, आणि तो शुद्ध चांदीचा शब्द म्हणून शिकलीस.

तिकडे इंग्लंडला, लीड्सला गेल्यावर तूच पहिल्या महिन्यात हसत सांगितलं होतंस, की दुकानात पिशवी हवी का विचारलं की लोक म्हणतात "आय एम फाईन", म्हणजे नको. चहा देऊ का, तरी "आय एम फाईन", म्हणजे तेही नको. तेव्हा मलाही हसू आलं होतं. आता आठवतंय, नोव्हेंबरात मी विचारलं होतं पैसे पाठवू का, तेव्हाही तू हेच म्हणालीस. ते पुरत होते की नको होते, स्नेहल? की संपले होते?

बघ, परत तिकडेच आलो.

काल शेजारच्या सरांकडून डिक्शनरी आणली. एवढ्याशा शब्दाला किती अर्थ! उत्तम, तलम, बारीक, पाऊस नसलेली स्वच्छ हवा, दंड. मूळ लॅटिनमधलं, फिनिस, म्हणजे शेवट. जे काम शेवटापर्यंत नेलं, ज्यात करण्यासारखं काही उरलं नाही, ते फाईन. चांदी गाळून गाळून शेवटी उरते, तीही फाईन. आणि तंटा मिटवून प्रकरणाचा शेवट करायला जी रक्कम भरायची, तिच्यावरून दंडाला फाईन. सरांनी समजावून सांगितलं तेव्हा फार पटलं. रात्री मात्र झोप लागेना. तुझ्या त्या मेसेजच्या पोटात शेवट असा शब्द बसलाय, हेच डोक्यात फिरत राहिलं.

तू बारावीच्या प्रॅक्टिकलला अंगात ताप घेऊन गेली होतीस आणि आईला घरी आल्यावर कळलं. सोसायची तुझी सवय जुनी आहे. पण हुपरीत तुझ्या कपाळाला हात लावणारं कुणी तरी होतं. लीड्समध्ये माझा हात पोचत नाही. माणसाने आपलं दुखणं सांगावं, लपवू नये. घरच्यांना काळजी नको म्हणून गप्प बसलं की काळजी दुप्पट होते. नीट जेवावं, रात्रीची शिफ्ट...

लेक्चर द्यायला लागलो, माफ कर. तू एकटीने दवाखान्यात नाव नोंदवलंस, डॉक्टरांशी बोललीस, परत येऊन सबमिशन दिलंस. मला कोल्हापुरात जायचं तर सोबत लागायची तुझ्या वयात. गल्लीत सांगताना छाती भरून येते, आणि घरात आलो की पोटात गोळा येतो.

तू आईसाठी शेफील्डहून आणलेला चमचा काल भिंगाखाली धरला. दांड्यावर चालणारा सिंह आहे, 925 चा आकडा आहे. हजारात 925 भाग चांदी, म्हणजे साडेब्याण्णव टंच. शेफील्डचं ते तपासणी ऑफिस 1773 पासून असे शिक्के मारतंय म्हणे. त्यांची सगळ्यात नावाजलेली चांदीसुद्धा पुरी फाईन नसते, पोरी. शंभरात साडेसात भाग तांबं घालावंच लागतं, नाहीतर मऊ पडते आणि वाकते. आणि ते किती घातलंय हे चमच्यावरच लिहिलेलं असतं.

मला तेवढं कळव. टंच किती ते. 60 असला तर 60 सांग, मी चिडणार नाही. आईची शपथ.

उद्या आमच्याकडचे रात्रीचे आठ, तुझे दुपारचे अडीच, तेव्हा फोन करतो. आधी थर्मामीटर लावून ठेव. तिकडचा आकडा सेल्सिअसमध्ये येतो, तो तसाच सांग. 38.4 म्हणजे आपला 101 हे मी वहीत करून बघितलंय, तुझ्या शेवटच्या पानावर.

आईने मेतकूट आणि सुंठ बांधून ठेवलीय, बुधवारी कुरिअर करतो.

तुझे
पप्पा