गुलाबी कुठून येतो

कासेल, जर्मनी
रविवार, दुपार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तू त्या सूप फेकणाऱ्यांतली नाहीस ना गं?" मी हसले, तेवढ्यात आई मागून "जेवलीस का" म्हणाली आणि विषय भाजीवर गेला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फोनवर तुमच्याशी वाद घालणं जमत नाही, बाबा. तुम्ही तीन वाक्यांत निकाल देऊन मोकळे होता. म्हणून हे पत्र. आईला मोठ्याने वाचून दाखवा, नाहीतर ती मधला मजकूर गाळून थेट शेवट वाचते.

तर नाही, मी त्यांतली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत हवामानबदलावर आंदोलन करणाऱ्या दोन मुलींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटोचं सूप फेकलं. काच होती म्हणून चित्र वाचलं, चौकटीला थोडी इजा झाली. त्याच महिन्यात इथे पॉट्सडॅमला मोनेच्या गवताच्या गंजींवर कुस्करलेले बटाटे पडले. लंडनच्या त्या दोन मुलींना 2024 मध्ये शिक्षा झाली, एकीला दोन वर्षं आणि दुसरीला वीस महिने. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ त्याच्या आधीच संपतो, म्हणून सांगते. शिक्षा ऐकून मला वाईट वाटलं. फेकणं तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

फक्त तुमची हरकत वेगळी, माझी वेगळी. तुम्हाला त्यात अन्नाची नासाडी आणि पोरकटपणा दिसला. साहजिक आहे. तुमच्या लेखी चळवळ म्हणजे दि. बा. पाटील, जानेवारी 1984, जासई, आणि गोळीबारात गेलेले पाच शेतकरी. जमिनीच्या भावासाठी आपल्या पट्ट्यातली माणसं जिवानिशी गेलेली ज्याने पाहिली, त्याला डब्यातलं सूप हा खेळच वाटणार. मला खटकला तो त्या मुलींचा सवाल, कला मोलाची की जीव. त्या सूर्यफुलांतला पिवळा बराचसा क्रोम यलो आहे, म्हणजे शिशाचं क्रोमेट. एकोणिसाव्या शतकातला कारखान्याचा माल. उजेडाने तो हळूहळू तपकिरी पडत चाललाय. म्हणजे कारखाना, विष आणि काळ, तिघेही त्या चित्रात आधीपासून बसलेत. त्याच्यासमोर जरा वेळ उभं राहिलं तर ते आपणहून बोलतं. यांनी त्याचा उपयोग घोषणा लिहायच्या भिंतीसारखा केला.

आता मी राहते त्या गावाबद्दल. आईला अजून ते नकाशावर सापडत नाही, पण चित्रकारांच्या जगात कासेल मोठं नाव आहे, कारण दर पाच वर्षांनी इथे डॉक्युमेंटा नावाचं प्रदर्शन भरतं. 1982 च्या डॉक्युमेंटात योझेफ बॉइस या कलाकाराने संग्रहालयासमोरच्या मैदानात बसाल्टचे सात हजार लांबट दगड आणून रचले. अट अशी की गावात एक झाड लावायचं, त्याच्या शेजारी एक दगड उभा करायचा, आणि तेवढा ढीग कमी होणार. मुख्यतः ओक लावायचे होते. पैसे उभे करायला त्याने रशियाच्या झार इव्हानच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती लोकांसमोर वितळवली आणि त्याचा ससा ओतला. गावकरी चिडले होते. काहींनी तर दगडांना गुलाबी रंग फासला. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शेवटचं झाड त्याच्या मुलाने लावलं. बॉइस आदल्याच वर्षी गेला होता.

माझ्या खोलीखालच्या रस्त्यावर त्यांतले काही ओक आहेत. बाबा, तो दगड पाहिला की मला घरच आठवतं. बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, पारसिकचा डोंगर ज्याचा आहे तोच. आपल्याकडे खाणींत सुरुंग लावून त्याची खडी केली आणि रस्त्यात, इमारतींत घातली. आपल्या सोसायटीच्या काँक्रीटमध्येही तीच असणार. उलव्याला तर अख्खी टेकडी गेली, तिथे आता विमानतळ आहे. इथे तोच दगड झाडाला सोबत म्हणून उभा केलाय, आणि लोक त्याला सायकल टेकवून पाव आणायला जातात. मला हे काम आवडतं, कारण ते मोर्चा काढत नाही. लावलं तेव्हा झाड काटकुळं आणि दगड जड होता. चाळीस वर्षांत झाडाने दगडाला खुजं केलं, एवढंच ते दाखवतं. झाडं लावण्याचा सोहळा आपल्याकडेही दर पावसाळ्यात होतो म्हणा. फोटो निघतो, पुढच्या जुलैत पुन्हा त्याच खड्ड्यात रोप लागतं.

ताईची मागणी तुम्हाला माहीत आहे. तिला नेरूळचं तळं वाचवायच्या मानवी साखळीसाठी पोस्टर हवं होतं. 2024 मध्ये खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली, तळं आटत गेलं आणि फ्लेमिंगो मेले, तेव्हापासून ती त्यात आहे. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. ते ताईसारख्या बायका रविवारच्या रविवार हातात फलक घेऊन उन्हात उभ्या राहिल्या म्हणून झालं, चित्रकारांमुळे नाही. माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही. पोस्टर मी आनंदाने काढलं. एक पक्षी, वाकलेली मान, खाली भेगाळलेला चिखल, चार शब्द. ताईला पक्ष्याच्या डोळ्यात अश्रू हवा होता, तो मी काढला नाही. बाकी तिचं सगळं ऐकलं. खाली माझं नाव नाही आणि नको. पोस्टरला एकच गोष्ट सांगायची असते, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला, सिग्नल सुटायच्या आत.

त्यानंतर ताई म्हणाली, "आता तुझी मोठी चित्रंही याच्यावरच कर की. तिकडे प्रदर्शनात लागली तर इथे बातमी येईल." इथे अडलंय.

गंमत म्हणजे इथले लोकही मला तेच सांगतात, दुसऱ्या टोकाने. माझी ओळख करून देताना मुंबईजवळची म्हणाले की पुढचा प्रश्न पुराचा असतो. त्यांना माझ्याकडून बुडणारं शहर हवंय, आणि जमल्यास थोडं रडू. मी एकदा खाडीच्या चिखलाची अभ्यासचित्रं दाखवली, तर एकाने विचारलं, यात संकट कुठे आहे?

संकट त्यात आहेच, पण ते ताईच्या पोस्टरमध्ये मावणारं नाही. कारण तुम्ही दोघंही त्यात आहात.

फ्लेमिंगो गुलाबी जन्मत नाही. पिल्लू राखाडी असतं. शेवाळात आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांत जे रंगद्रव्य असतं ते खाऊन खाऊन पिसांत उतरतं. आपल्याकडे जास्त करून येतो तो लहान रोहित, म्हणजे फ्लेमिंगोतली छोटी जात. तो चोच उलटी करून पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. ठाण्याच्या खाडीत ते शेवाळ एवढं माजण्याचं एक कारण म्हणजे आपलं सांडपाणी. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, तिन्ही शहरांचा मैला खाडीत उतरतो, त्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळाला खत होतं. ज्या खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, ऐरोलीहून जिथे होडीत बसवून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, तिथला गुलाबी काही अंशी आपल्या संडासातून येतो. हे ताईला सांगितलं तर ती खवळली. "हे कुठे बोलू नकोस, उद्या बिल्डर म्हणेल घाण आहे म्हणूनच पक्षी आहेत, अजून घाण करा." तिची भीती खरी आहे. मोर्च्यात हे वाक्य नेता येणार नाही. तसं खोटंही ठरेल, कारण घाण एका हद्दीपलीकडे गेली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सगळंच मरतं. पण म्हणून मी ते विसरू का? शहरभर भिंतींवर फ्लेमिंगो रंगवलेत, चौकात पुतळे उभे केलेत, सगळे स्वच्छ, एकसारखे, बाटलीतल्या सरबताच्या रंगाचे. चिखल कुणीच काढत नाही. तिवरांची ती वर आलेली मुळं, भरती उतरल्यावर चमकणारा राखी-जांभळा लगदा, त्यात तुरुतुरु पळणारी निवटी, ती चिखलातली मासळी. मला ते काढायचंय.

आणि निवटीवरून आई आठवते. दिवा गावची कोळीण मासळीची टोपली घेऊन यायची, आई आधी वास घ्यायची आणि म्हणायची, "रॉकेल मारतंय, खाडीचे नकोत." मग दोघींचं भांडण व्हायचं. तेव्हा मला वाटायचं, ही घासाघीस भावासाठी आहे. आई, त्या बाईचं पुढे काय झालं गं? टोपली कधी बंद झाली?

बाबा, आता तुमचं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात तुम्ही पाळ्या केल्या. रात्रपाळीहून आलात की उशीच्या अभ्र्यावर निळा डाग उमटायचा. आई तुमचे बनियन वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी माझ्या शाळेच्या सदऱ्याला एकदा निळसर झाक आलीच. शिंकलात तर रुमाल निळा. मी ती निळाई ओळखते. इथल्या दुकानात थॅलो ब्लूची नळी विकत घेते, बोटाएवढी, आणि तिच्यासाठी जे पैसे मोजते ते ऐकून तुम्ही चक्कर येऊन पडाल. तांब्यापासून होणारा तो रंग. भारत त्याचा मोठा उत्पादक आहे, तेव्हा नळीवर कंपनीचं नाव युरोपचं असलं तरी आतली पूड आपल्या पट्ट्यातली असू शकते. माझी फी त्याच निळ्यातून भरली गेली. जे.जे.मध्ये पहिल्या वर्षी मी जे कागद फाडले, तेही त्यातूनच.

आणि कारखान्यामागचा नाला. लहानपणी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी पाहिलाय तो. कधी हिरवा, कधी लाल, कधी विटकरी, आणि फेस. मी टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे. तो नाला खाडीतच जायचा.

हे आरोपपत्र नाही. तुम्ही पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या भरून वर पाठवायचात, सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे टँकर गेला की नाही हे पाहायला रविवारीही जायचात, हे मला माहीत आहे. तरीही ताईच्या फलकावर 'प्रदूषण करणारे' आणि 'खाडी वाचवणारे' असे दोन गट आहेत, आणि आपलं घर दोन्हींत बसतं. मी मोर्च्यात असते तर घोषणा दिली असती, अडखळले नसते. घोषणेला 'पण' चालत नाही. चित्राला चालतो. म्हणून ताईला एवढं समजावून सांगा: पोस्टर हवी तेवढी मागून घे, आज रात्री मागितलंस तर उद्या सकाळी मिळेल. मोठ्या चित्रांनी काय म्हणायचं ते मात्र मला आधी ठरवून देऊ नकोस. ती खाडीच्या बाजूची असतील, पण त्यांत बाबांचा पगार असेल आणि आईने परत केलेली टोपलीही. बातमी येण्यासारखं त्यात काही नसेल.

एक काम आहे, बाबा, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. तुम्ही म्हणायचात की नाल्याचा रंग पाहून आज कोणता बॅच निघाला ते सांगता यायचं. ते सगळं लिहून पाठवा. कोणत्या मालाला पाणी कसं दिसायचं, ताजं असताना आणि थोड्या वेळाने, पावसाळ्यात, ओहोटीला. मिळालं तर रसायनाचं नाव, नाहीतर तुमच्या कामगारांत जे नाव चालायचं तेच लिहा. सुवाच्य अक्षर नको, शिफ्टच्या वहीत लिहायचात तसंच. मला त्या यादीतले रंग चिखलाच्या रंगात मिसळून पाहायचेत. कंपनीचं नाव लिहू नका, मला ते नकोच आहे. आणि लिहावंसं वाटलं नाही तर तसं सांगा. रागावून गप्प बसू नका, तुमचं गप्प बसणं इथवर ऐकू येतं.

आईच्या गुडघ्याला तेल लावून देता ना? इथे थंडी आहे, पण हीटर आहे, काळजी नको. डाळ मिळते, गोडा मसाला संपत आलाय.

पोस्टरची फाईल ताईला मेल केली आहे. तिला म्हणावं, कापडावर छापून घे. दुकानदार स्वस्तात पडतं म्हणून फ्लेक्सचा आग्रह धरेल, ते प्लॅस्टिक साखळीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यातच जाऊन पडायचं. कापड महाग पडलं तर वरचे पैसे मी पाठवते.

तुमची,
छोटी