मित्रास पत्र: आधी चकरा मोज, मग बिल छाप

दारव्हा, जि. यवतमाळ
दि. २ ऑगस्ट

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या ग्रामपंचायतीच्या कामाबद्दलचं तुझं पत्र परवा मिळालं. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, निराधार बायांचे हयातीचे दाखले आणि फवारणीच्या संरक्षक किट, हे तिन्ही प्रश्न तू वेगवेगळे लिहिलेस. पण तिन्हींच्या शेवटी तुझं वाक्य एकच आहे, 'लोकांना किती समजावलं तरी फरक पडत नाही.' गड्या, लोकांना समजलेलं आहे. पट्टी भरावी लागते हे ठाऊक नसलेला माणूस तुझ्या गावात सापडणार नाही. ठाऊक असणं आणि हातून घडणं यांच्या मधे कागद, तारीख, एसटी, गर्दी, लाज आणि विसर एवढं सगळं आडवं पडलेलं असतं. वर्तनशास्त्र ज्याला म्हणतात ते निम्मंअधिक हेच आडवं पडलेलं उचलण्याचं काम आहे.

पट्टीपासून सुरू करतो, कारण तिथे बरंचसं तुझ्या हातात आहे. नमुना ९, म्हणजे करमागणीच्या नोंदवहीवरून उतरवलेलं मागणी बिल एकदा घरमालकाच्या डोळ्यांनी वाच. घरकर, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, विशेष पाणीपट्टी; प्रत्येकापुढे मागील, चालू आणि एकूण. पंधरा आकडे झाले. त्याला हवा असलेला एकच आकडा, 'मला भरायचे किती', तो खाली कोपऱ्यात, बहुतेक शिक्क्याखाली दबलेला. नमुना बदलायच्या भानगडीत पडू नकोस. बिलावर पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी टाचून दे. वर कुटुंबप्रमुखाचं नाव हाताने लिहिलेलं. खाली ठळक अक्षरात एकूण रक्कम, मग भरायची शेवटची तारीख, मग कुठे आणि कोणत्या वारी किती वाजता भरायची ते. क्यूआर असेल तर तो चिठ्ठीच्या पाठीमागे छाप. पुढच्या बाजूला जागा आकड्यालाच लागते. सगळी रक्कम एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत घेऊ, हेही लिही. पुष्कळ घरं केवळ पुरते पैसे नाहीत म्हणून ग्रामपंचायतीची पायरी चढत नाहीत. शंभर-दोनशे घेऊन आलेला माणूस 'पूर्ण घेऊन या' म्हणून परत पाठवला की तो त्या वर्षी पुन्हा येत नाही. घेतलेल्या दोनशेची नमुना १० ची पावती त्याच मिनिटाला हातात दे.

आता शेजाऱ्यांचा दाखला. ब्रिटन सरकारने २०१० साली वर्तनशास्त्राचं एक पथक नेमलं. थकबाकीदारांच्या पत्रांत त्यांनी एक ओळ घातली: दहापैकी नऊ जण कर वेळेवर भरतात. तेवढ्या ओळीने भरणा वाढला. ही ओळ तू वापरू शकतोस, पण खरी असेल तरच, आणि भरणारे जास्त असतील तरच. तुझ्या वॉर्डात १०० पैकी ७० घरांनी भरली असेल तर बेधडक लिही. ३० घरांनीच भरली असेल तर चुकूनही लिहू नकोस, कारण ती ओळ वाचून उरलेल्यांना कळतं की न भरणं हीच गावची रीत आहे. थकबाकीदारांची यादी फळ्यावर लावण्याचं तू विचारलंस, तिथेही हेच होतं. यादीत पहिलं नाव एखाद्या मोठ्या वाड्याचं निघतं आणि मातीच्या घरातला माणूस म्हणतो, त्यांनी भरली की आपण भरू. शिवाय हा चारचौघांत अपमान आहे. उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना अडवणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांच्या काळात पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या बायांना जे सोसावं लागलं, ते पुन्हा कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. लाज लावून एकदा काम होतं आणि माणूस कायमचा तुटतो.

सर्वांत मोठी चूक मात्र तारखेची आहे. वसुलीचा जोर मार्चमध्ये लागतो, कारण आपलं वर्ष मार्चला संपतं. कास्तकाराचं वर्ष तेव्हा संपत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा त्याच बेतात, आणि उलंगवाडी, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत थोडा थोडा पैसा घरात येत राहतो. मार्चपर्यंत तो उधारी, लग्न आणि दवाखान्यात गेलेला असतो. तुझ्या बिलावर सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला सूट छापलेली असेल, तर ती सूट बरोबर त्या महिन्यात येते जेव्हा घरात खत-औषधाची उधारी सोडून काही नसतं.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच माणसांनी सोडवलेली कोडी तोडणीआधी चुकत होती आणि तोडणीनंतर जास्त बरोबर येत होती. ओढगस्तीत बुद्धी कमी होत नाही, ती हिशेबात गुंतून पडते. त्या निष्कर्षावर पुढे वादही झाले, पण केनियातल्या मका पिकवणाऱ्यांवरचा प्रयोग त्याच दिशेने बोट दाखवतो: पीक हाती आल्याबरोबर खत विकत घ्या, घरपोच मोफत, एवढी छोटी सोय दिली, तर तिचा परिणाम पुढे हंगामात निम्म्या किमतीत खत देण्याइतका झाला. म्हणून तुझी चिठ्ठी दिवाळीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घरात पडली पाहिजे आणि भरायची तारीख डिसेंबरच्या आत हवी. ती पोचवताना दवंडी आणि व्हॉट्सॲप दोन्ही वापर, पण चिठ्ठी कर्मचाऱ्याने हातातच द्यावी. दाराला अडकवलेला कागद चुलीत जातो.

एक अट आहे. तू सांगितलेल्या वारी, सांगितलेल्या वेळी तू कार्यालयात असलाच पाहिजेस. तुझ्याकडे दोन गावं आहेत आणि मीटिंग कधीही लागते, हे ठाऊक आहे. तरी आठवड्याचा एक सकाळचा वेळ, बाजाराच्या दिवशीचा, मोडू नकोस. उदयपूर जिल्ह्यातल्या लसीकरणाच्या प्रयोगात हे फार स्वच्छ दिसलं. जिथे काहीच बदललं नाही त्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. ठरल्या दिवशी नेमाने शिबिर भरू लागलं तिथे १८ टक्के. नेमाच्या शिबिराला प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर ताटांचा संच जोडला तिथे ३९ टक्के. लोकांच्या लक्षात फक्त डाळ राहते, पण शिबिर भरवशाचं झालं तेव्हाच प्रमाण तिप्पट झालेलं होतं. आपले गाडगेबाबासुद्धा गावात आले की आधी खराटा हातात घेत आणि कीर्तन रात्री करत. पाण्याची मोटार तीन आठवडे जळून पडली असेल तर चिठ्ठी छापण्याआधी ती दुरुस्त कर, आणि मग चिठ्ठीवर लिही की दुरुस्ती पाणीपट्टीतून झाली.

हे सगळं चालतं की नाही हे तुझ्या-माझ्या अंदाजाने ठरवायचं नाही. तुझ्या दोन गावांत प्रयोग करशील तर घोळ होईल, कारण एका गल्लीतल्या लोकांना जुनं बिल आणि दुसऱ्या गल्लीला चिठ्ठी दिली की ओट्यावर संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी शेजारी येतात. गटविकास अधिकाऱ्यांशी बोल. तालुक्यातली २४ गावं घे, नावांच्या चिठ्ठ्या टाकून १२ गावांना नवी पद्धत, १२ ना जुनी. निवड चिठ्ठ्यांनीच व्हावी. उत्साही सरपंचाची गावं नव्या पद्धतीत गेली तर श्रेय सरपंचाचं आणि नाव चिठ्ठीचं होईल. ३१ जानेवारीला नमुना १० च्या पावत्यांवरून किती घरांनी काही तरी भरलं ते मोज आणि मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून बघ. फरक मोठा दिसला नाही म्हणून खचू नकोस. अमेरिकेत सरकारी कामातल्या अशा १२६ प्रयोगांचा हिशेब काढला, तेव्हा त्यांत सरासरी वाढ १.४ टक्के अंकांची निघाली; विद्यापीठांच्या छापील अभ्यासांत मात्र ती ८.७ ची होती. २४ गावांत एवढा बारीक फरक नीट दिसणारही नाही, तेव्हा निकाल लागला तर तो पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात पुन्हा करून बघावा लागेल. आणि कुणी परदेशातली युक्ती आणून दिली तर ती तशीच उचलू नकोस. अर्जाच्या वरच्या बाजूला सही घेतली की माणूस खरं लिहितो, असं २०१२ साली गाजलेलं संशोधन २०२१ मध्ये मागे घ्यावं लागलं, आकडेच बनावट निघाले म्हणून.

हयातीच्या दाखल्याला चिठ्ठीचा उपयोग नाही, तिथे चकरा मोजायच्या. एक वही घे आणि परत पाठवलेल्या दहा बायांच्या नोंदी कर: कुठून आली, किती तास गेले, किती पैसे लागले, कोणत्या कागदासाठी परत पाठवली. बहुतेक ठिकाणी एक-दोनच कारणं वर येतात, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही, किंवा अंगठा उमटत नाही. ही कारणं घरी कळली तर चकरा वाचतात. अंगणवाडीत महिन्याचा एक दिवस ठरव, नाव तपासणारा माणूस तिथेच बसव. अर्जातला प्रश्नही वाचून बघ. 'कुटुंबातील कोणीही शासकीय नोकरीत नाही' यापुढे 'होय / नाही' असेल तर नोकरी नसलेल्या घरातली अर्धी माणसं 'नाही' लिहितील आणि अपात्र ठरतील. प्रश्न सरळ कर: 'घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?'

पीकविम्याबद्दल थोडक्यात. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्याला विमा ऐच्छिक आहे, पण नको असेल तर त्याने मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवायचं असतं. न कळवणारा आपोआप विम्यात राहतो. म्हणजे न सांगणं हाच इथे निर्णय ठरतो. म्हणून ती तारीख ग्रामसभेत ठळक सांग. शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायचा, त्या पीकविमा योजनेत बोगस अर्जांचा महापूर आला, त्यामागे सुविधा केंद्राला अर्जामागे मिळणारे ४० रुपयेही होते. मधल्या माणसाला कशाचे पैसे मिळतात ते पाहिल्याशिवाय कोणतीही योजना समजत नाही.

फवारणीचं मात्र जिवाचं आहे. २०१७ साली आपल्या यवतमाळमध्ये फवारणीच्या विषाने माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तेव्हापासून किट वाटल्या जातात आणि त्या घराच्या माळ्यावर पडून राहतात. पोळ्याच्या सुमाराला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागलेली, दमट उकाडा, प्लास्टिकचा ॲप्रन, चष्म्यावर वाफ. त्यात मजुरी पंपावर. थांबला तर पैसे बुडाले. पोस्टरने हे सुटत नाही. कृषी केंद्रवाल्यांना विनंती कर की औषधाच्या बाटलीसोबत हातमोजे आणि मास्क बिलातच द्यावेत, नको असेल त्याने परत करावेत. किट पंपाच्या पट्ट्यालाच बांधून ठेवायला सांग. औषध काठीने ढवळायचं, वाऱ्याकडे पाठ, काम सकाळी दहाच्या आत, आणि धुऱ्यावर साबण-पाणी आधी ठेवूनच पंप भरायचा. ॲप्रन जमलाच नाही तरी हातमोजे सोडू नका, कारण पंप भरताना दाट औषध थेट हातावर येतं. वावराच्या मालकाला सांग की पंपामागे मजुरी न देता दिवसाची ठरवावी.

आणि बाटलीवरचा त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम असतो. हिरवा पाहून 'हे चालतं' असं कुणालाही वाटेल. हिरवा म्हणजे सगळ्यांत कमी विषारी, निर्विष नव्हे. शाळेतल्या पोरांना रिकाम्या बाटल्या हातात देऊ नकोस, पण मोठ्या कागदावर हे चार त्रिकोण काढून घराघरात लावायला दे. ते घरातल्या माणसांना पोरंच वाचून दाखवतील.

पुढच्या पत्रासोबत तुझं एक कोरं मागणी बिल आणि गेल्या तीन वर्षांच्या वसुलीच्या महिनावार बेरजा पाठव. विशेष पाणीपट्टीचे नळधारक वेगळे लिही, त्यांची थकबाकी बहुतेक वेगळ्या कारणाची असते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी मिळाल्या तर चिठ्ठीचा मसुदा मी तुला सभेपूर्वी पाठवतो.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन