लाकडी टाइपवाल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार. नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंय म्हणून नुसतंच ताई. पण आभार जाहीरच मानणार, इनबॉक्सात दोन हात जोडून हे फिटण्यातलं नाहीये.

आमच्या एकांकिका महोत्सवाच्या पोस्टरला मला ते जुन्या सर्कशीच्या जाहिरातीतलं नक्षीदार अक्षर हवं होतं आणि मी तुम्हाला एवढंच विचारलं होतं की रोझवूड फाँटमध्ये रेग्युलर (नक्षीचं अक्षर) आणि फिल (आतला भरीव रंग) अशा दोन फाइल का आहेत, वापरायची कुठली. दोन्ही, एकावर एक, असं म्हणून तुम्ही जो व्हॉइस मेसेज पाठवलात तो मी ग्रुपमध्ये सगळ्यांना ऐकवलाय. 1874 साली अमेरिकेत कनेटिकटच्या विल्यम पेजने रंगीत लाकडी टाइपचं, म्हणजे छपाईच्या लाकडी अक्षर-ठोकळ्यांचं, नमुनापुस्तक काढलं, त्यातल्या एका नक्षीवाल्या क्लॅरेंडनवरून (जाड सेरिफवाली एक अक्षरशैली, सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेले छोटे आडवे पाय) अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने 1994 मध्ये हा फाँट केला. मूळ अक्षराचे दोन ठोकळे असायचे, आधी एक रंग छापायचा मग त्यावर दुसरा बसवायचा, आणि दोन शाया जिथे एकमेकींवर येतील तिथे तिसरा रंग फुकटात! हे कळल्यावर लगेच वरचा लेयर मल्टिप्लायवर (खालचा रंग वरच्यात मिसळून दिसतो ते सेटिंग) टाकला आणि पोस्टर जिवंतच झालं एकदम.

लाकूडच का, तर एवढी मोठी अक्षरं शिशात ओतली की प्रचंड जड व्हायची, हेही तुमच्याकडूनच कळलं. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकूड कोरायचं राउटर मशीन आणलं, पुढे 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ, म्हणजे आकृती लहानमोठी करून गिरवणारी दांड्यांची चौकट, जोडला, म्हणजे एकाच नमुन्यावरून हव्या त्या साइजचं अक्षर. आजच्या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं आकार लहानमोठा करायचं स्केल टूलच की हो! (आणि रोझवूड, कॉटनवूड, आयर्नवूड, पाँडेरोसा, या अडोबीच्या फाँटना सगळी झाडांची नावं का, हा उलगडाही तेव्हाच झाला.)

पण खरे आभार देवनागरीसाठी. इंग्रजीला तयार फाँट होता, 'एकांकिका' मात्र हाताने काढायचं होतं, आणि अशा वेळी सगळे करतात ते म्हणजे साध्या मराठी फाँटला खालून जाड सेरिफ चिकटवायचे. तुम्ही ते करूच दिलं नाहीत. शिरोरेघ मुळातच दणदणीत आडवी आहे, त्यात कान्याच्या पायाला सेरिफ लावला की अक्षराने गमबूट घातल्यासारखं दिसतं, हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना सुनावत असते. नक्षी कान्याच्या पोटात घ्यायची, अनुस्वार मात्र भरीवच ठेवायचा कारण तेवढ्याशा टिंबात नक्षी गिचमिड होते, आणि वेलांटी फिलच्या लेयरमध्ये शिरोरेघेत घुसत होती ती तुम्ही रात्री बसून स्वतः परत काढून दिलीत. पैशांचा विषय काढला तर फोनच ठेवलात!

छापताना रंग जरासा सरकला. प्रिंटरवाला परत छापतो म्हणाला, पण राहू दे म्हटलं, जुन्या छपाईत हे व्हायचंच आणि मला ते आवडलंय.

पोस्टरची एक प्रत कुरियर केलीय. आणि पुढच्या वर्षी बालनाट्याची पोस्टरं करायचीत, त्यात 'ट्य' येतो, त्याचं काय करायचं ते आत्तापासूनच विचारून ठेवते.