आईच्या गोळ्या आईलाच

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा आई फोनवर बोलता बोलता म्हणून गेली, "माझ्या संपल्या होत्या, मग यांच्यातलीच एक घेतली." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फोनवर आई विषय बदलते, म्हणून लिहिते आहे. बाबा, तिला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, साखरेच्या असल्या तरी तुमच्या दोघांच्या गोळ्या एक नाहीत. तुझी नुसती मेटफॉर्मिन. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं, त्याला ती आवर घालते. बाबांच्या गोळीत ग्लिमेपिराइडही आहे. ते इन्सुलिन वाढवतं, पोटात अन्न असो वा नसो. ती घेऊन तू एकादशी धरलीस आणि साखर उतरून मोरीत पडलीस, तर बाबा ड्युटीवर, घरात कोण?

तुझ्या गोळ्या का संपतात, तेही मला कळतं. बाबांची जुन्या कंपनीची पेन्शन हजार रुपये, आताच्या ड्युटीचा पगार सात तारखेला. महिनाअखेर आली की आधी बाबांच्या गोळ्यांचं पाकीट येतं आणि तुझी गोळी दिवसाआड होते. आपल्या इलठणपाड्यात घरोघरी हेच बघत मी मोठी झाले. नवऱ्याचं औषध चुकत नाही, बाईचं 'आज बरं वाटतंय' म्हणून राहतं. पण साखर दुखत नाही गं. डोळ्यांचा पडदा, किडनी, पायांच्या नसा बिघडत जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तपासणीच्या आधी आठ दिवस नेमाने घेऊन भागत नाही. एचबीएवनसी म्हणून साखरेची जी रक्ततपासणी करतात, तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो.

तळपायांची आग होते म्हणून तू खोबरेल चोळतेस. ती आग साखरेनेही होते, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींचं बी-12 कमी होतं, त्यानेही होते. डॉक्टरांना सांग, रक्त तपासतील. गोळी मात्र मनाने बंद करू नकोस.

बाबा, नाइटला पहाटे तुम्हाला घाम फुटतो, हात कापतात. त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, साखर उतरलेली असू शकते. तसं झालं की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग काहीतरी खा. पुडी खिशात ठेवाच. डॉक्टरांना ड्युटीची आणि जेवणाची वेळ सांगा, ते गोळीची वेळ बसवून देतील. आणि चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरून काढायची नाही.

पैशांचं मी बघते. पालिकेच्या आरोग्य केंद्रात या गोळ्या मोफत मिळतात. चढण उतरायची, रांग लावायची, त्यात आईच्या कामाचा खाडा, आणि कधी गोळ्याच आलेल्या नसतात, हे सगळं मला माहीत आहे. तसं झालं तर पुढच्या खेपेची वाट बघू नका, तीच चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. औषध तेच, फक्त पाकिटावर मोठ्या कंपनीचं नाव नसतं, आणि किंमत बहुतेक वेळा निम्म्याहून कमी. दर वीस तारखेला मी औषधाचे पैसे वेगळे पाठवीन. आई, ते गॅसला किंवा किराणाला वापरायचे नाहीत.

शनिवारी संध्याकाळी फोन करते. दोघांची पाकिटं समोर घेऊन बसा. आधी आईच्या किती उरल्यात ते सांगा.

तुमची,
सुमी