१९६२ चा अहवाल खुला करा: संरक्षणमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात बर्डीच्या फुटपाथवर १९६२ च्या भारत-चीन युद्धावरची दोन जुनी पुस्तकं मिळाली. एक लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचं, १९६७ सालचं. दुसरं ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं, १९६९ चं. कपाटात शेजारी ठेवली तर रात्री भांडतील अशी! कौल चौथ्या कोअरचे प्रमुख. चिनी हल्ल्याच्या दोन दिवस आधी आजारपणामुळे दिल्लीत आले आणि अंथरुणावरून हुकूम देत राहिले. दळवी त्यांच्याच हाताखाली, नामका चू नदीवर सातवी ब्रिगेड घेऊन उभे होते. ते चिन्यांच्या कैदेत गेले. कौल स्वतःची बाजू मांडतात, दळवी दोष थेट वर दिल्लीपर्यंत नेतात. माझा कल दळवींकडे आहे, हे लपवत नाही. पण फिर्यादी आवडला म्हणून निकाल लागत नसतो.

आपण मराठी माणसंही यातून सुटलेलो नाही. लेफ्टनंट जनरल थोरातांनी आठवणींत लिहिलं की, १९६० मध्येच त्यांनी धोक्याचा इशारा दिला होता. तेव्हापासून 'थोरातांचं ऐकलं असतं तर' हे आपलं पालुपद. पुढे यशवंतराव दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला', की आपला १९६२ चा इतिहास संपला.

जर्मनीत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. दुसऱ्या महायुद्धातले हिटलरचे सेनापती मानश्टाइन यांनी १९५५ मध्ये आठवणी लिहून पराभवाचं खापर हिटलरवर फोडलं. हिटलरचे एकेकाळचे लष्करप्रमुख हाल्डर तर युद्धानंतर कितीतरी वर्षं अमेरिकन लष्कराच्याच इतिहास विभागासाठी काम करत होते. सैन्य निष्कलंक, गुन्हे फक्त नाझींचे, ही समजूत त्यातून रुजली. कत्तलींतला सैन्याचा हात लोकांसमोर यायला पुढची पिढी उजाडली, आणि तीही दप्तरं चाळल्यावर.

आमची दप्तरं मात्र कुलपात. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांचा अहवाल १९६३ मध्ये सरकारला मिळाला. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा बराच भाग इंटरनेटवर टाकला; सरकारने आजही तो अधिकृतपणे दिलेला नाही. तुमच्याच मंत्रालयाचं २०२१ चं धोरण साधारण २५ वर्षांनी युद्धाचे कागद खुले करा म्हणतं. इथे साठ उलटली.

आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त हवालदार राहायचे, त्या लढाईत होते. यातलं खरं पुस्तक कोणतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुस्तकं साहेबाईनं लिहेली. आमाले कोनं इचारलंच नाही." ते आता नाहीत.

तर मागणी एवढीच: अहवाल परिशिष्टांसह राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवा. सोबत युनिटांच्या युद्ध-डायऱ्याही. आणि नेफातून (आजच्या अरुणाचल प्रदेशातून) परतलेले जे जवान अजून हयात आहेत, त्यांच्याकडे कोणीतरी रेकॉर्डर घेऊन पाठवा. कामठीपासून सुरुवात केलीत तर पत्ते शोधायला मी येतो.

आपला,
बर्डीवरचा एक वाचक